धुमालवाल्याच्या घरचा साइलेंसर

आमच्या घरात माणूस आवाज करते आन् पोरगी आवाज बंद करते. मधात मी भाकरी करतो. ललिताबाई, तुमच्या कानाचं काय, हे मले आजपर्यंत कोणी विचारलं नाही.

माणूस म्हणजे वसंता. तसं मी त्यायले 'हे' म्हणतो, पण राग आला का नाव घेतो. आज पुष्कळदा घेईन. पंचशील धुमाल पार्टी, म्हणजे वरातीत वाजवणारं पथक, ते यायच्याच मालकीचं. बालाघाटात कोणालेही पत्ता विचारा, बोट दाखवायच्या आंधी तो कानावर हात ठेवन. पुढं गाडीवर जनरेटर आन् भोंगे, मांगं ढोल-ताशे, तो मोठा ड्रम, कॅसिओ, आन् सगळ्यायच्या मधात आमचे हे, कमरेले पट्टा बांधून, जसं काई सीमेवर चालले. चौदा एप्रिलले यायची पार्टी निंगाली का पार लामता गावापर्यंत लोकायले समजते. हे मी नाही म्हणत, तेच म्हणतात. लग्नाची सुपारी द्याले कोणी आलं का यायचं एकच बोलणं, "आवाज नाही तं काहाची वरात?" ज्याचा ढोल आयकू येत नाही त्याले पुढच्या सालात कोणी बोलावत नाही. या धंद्यात तसंच आहे.

आन् पोरगी संघमित्रा. घरी मित्रा. इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकल, शेवटलं साल. तिच्या वर्गात पोरी किती, तं एका स्कुटीवर बसून येतीन इतक्या. कॉलेजचे पोट्टे मिळून रेसची गाडी बनवतात. म्हणजे खरंच बनवतात, लोखंडी पाइप कापून, जोडून. एक माणूस कसाबसा आत घुसन एवढी गाडी, टप नाही, दार नाही, मांगं मोटरसायकलचं इंजिन. दर सालात देशातल्या कॉलेजायच्या अशा गाड्या एका जागी जमतात. पहिले तपासणी होते, पास झाल्या तं धावतात. मी म्हटलं, "बाई, गाडी तं विकत भेटते ना?" तं म्हणे, "आई, भाकरीही विकत भेटते." मी पीठ मळाले घेतलं.

गाडीत एकेकाकडं एकेक काम. कोणाकडं चाकं, कोणाकडं ब्रेक. मित्राकडं आला धूर. इंजिनच्या तोंडापासून मांगच्या साइलेंसरापर्यंत धुराचा पूर्ण रस्ता तिचा. कोणालेच नको होता म्हून तिच्याकडं आला, हे तिनं सांगतलं नाही. पण माय आहे मी, मले समजते.

तिथं परीक्षक बसतात, त्यायले हे सगळं समजावून सांगा लागते. त्याची तालीम माह्यावर. मी वांगे चिराले बसली का मित्रा समोर पाट टाकून बसे.

"आई, इंजिनचे चार काम. हवा आन् पेट्रोल आत घेते, दाबते, पेटवते, आन् जळालेलं बाहेर फेकते."

"चारच? मंग बाकीचा दिवस काय करते?"

"आयक तं. धूर बाहेर फेकला का त्याचा एक धक्का पाइपातून पळत सुटते. पाइप जिथं मोकळा होते, तिथून तो वापस येते. पण वापस येते तो ढकलत नाही, ओढते. बरोबर येळेवर इंजिनच्या तोंडाशी पोचला तं उरलासुरला धूर ओढून काढते, आन् त्याच्या मांगं ताजी हवा आत खेचल्या जाते. लवकर आला का बिनकामाचा, उशिरा आला का बिनकामाचा. म्हून पाइप किती लांब ठिवाचा, याच्यातच सगळं हाये. आन् आपल्या गाडीले नियमानं बारक्या छिद्रातूनच हवा घ्या लागते. मंग धूर तरी झटक्यानं बाहेर गेला पाहिजे का नाही?"

मी म्हटलं, "म्हणजे गोंदियाच्या बसमधी आंधी उतरणारे उतरले, तवाच चढणारे चढतीन."

मित्राले ते इतकं आवडलं का तिनं परीक्षकायपुढं तसंच सांगाचं ठरवलं, इंग्रजीत. इंग्रजीत गोंदियाच्या बसले धक्काबुक्की राहते का नाही, मले माहीत नाही.

पण खरा जीव तिचा साइलेंसरात. आत एक बारक्या छिद्रायचा पाइप, वरून ॲल्युमिनियमचा मोठा डबा, आन् दोघायच्या मधात काचेची रुई. दिसाले पांढरी, मऊ, आपल्या गादीतल्यासारखी, पण हातात घ्याल तं पस्तावाल. खाज सुटते तं सुटतच नाही. मित्रा हातमोजे घालून, तोंडाले ओढणी बांधून भरे. लय ठासून भरली तं आवाज जिरत नाही, ढिली भरली तं धुरासंगं उडून जाते. पाइपाले लागून तारेचा चोथा, म्हणजे भांडे घासाचा. माह्या मोरीतले सगळे चोथे त्या गाडीत गेले, मी नारळाच्या शेंडीनं कढया घासल्या. आवाज त्या छिद्रायतून रुईत शिरते आन् तिथंच हरवते. मोकळा धूर जाते, आवाज मांगं राहते. हे आयकून मले पहिल्यांदा इंजिनियरिंगबद्दल आदर वाटला. असा एक डबा आमच्या ह्यायच्या भोंग्याले बसवता येईन का, मी विचारलंही होतं.

हे आतून ओरडले, "थोडा आवाज लागतेच! पोट्टे बुलेटचा साइलेंसर काढतात, कशी पळते पाहत नाही का?"

"बाबा, ते पळत नाही," मित्रा म्हणे. "ते फक्त ओरडते."

यायले हे पटलं नाही. कसं पटन? यायची सगळी जिंदगी ओरडण्यावर चालली.

आता आवाजाची भानगड सांगतो, नाही तं पुढचं समजणार नाही. तपासणीत एक आवाजाची परीक्षा राहते. गाडीच्या मांगं मशीन ठिवतात, इंजिन जोरात फिरवतात, आन् आकडा एकशे दहाच्या वर गेला का गाडी नापास. मैदानात जाताच येत नाही. मांगच्या साली आमच्या कॉलेजची गाडी तिथंच अडकली होती. दुरुस्त करत बसले तोपर्यंत अर्ध्या रेसा झाल्या.

यंदा कॅप्टन होता पियुष. मिलवाल्यायचा पोरगा, बोलाले गोड, स्वभावाले वाईट नाही. गाडी कोण चालवन यावर टीममधी वाद झाला. कॉलेजच्या मैदानात डबे ठिवून मांगच्या सालच्या गाडीवर तालीम घेत, त्याच्यात सगळ्यात जलद मित्रा. वजनानंही हलकी. पण आजपर्यंत स्पर्धेत कॉलेजची गाडी पोरीनं चालवली नव्हती, आन् पियुषले स्वतःलेही बसाचं होतं. मंग त्यानं सगळ्यायसमोर म्हटलं, "देख संघमित्रा, साउंड टेस्ट पहली बार में पास करा दे, तो गाडी तू चलाएगी. नहीं हुआ, तो मैं." त्याले वाटलं असन का हे कुठं होते. मित्रानं लगेच हौ म्हटलं.

त्या दिवसापासून पोरीच्या तोंडात दुसरा विषय नाही. शेवटलं साल होतं. आता बसली तं बसली, नाही तं मंग कोण कुठं नोकरीले आन् कोणाले भेटते रेसची गाडी? जेवता जेवता तिचे पाय पाटावरच ब्रेक-क्लच दाबत. मी पाहिलं आहे ते.

गाडी तयार झाली तवा कॉलेजनं आईबापायले बोलावलं. अंगणात गाडी, भोवती पोट्टे, आन् कॉलेज चालवणारे अध्यक्ष साहेब हार घालून उभे. पियुषनं बटण दाबलं. इंजिन चालू झालं, आन् मले सांगतो, इतकं सभ्य इंजिन मी पाहिलं नाही. भरड आवाज, पण दबून. जोरात फिरवलं तरी माणूस बाजूच्याशी बोलू शके. मित्रा डोळे मिटून आयकून राह्यली होती.

अध्यक्ष साहेब वाकले. गाडीवर हात ठिवून पाहिला. "चालू है क्या?"

"जी सर, चालू है."

"अरे, इससे ज्यादा तो हमारे घर का मिक्सर बोलता है."

सगळे हसले. मित्रा सगळ्यायपेक्षा जास्त हसली, काहून का तिच्यासाठी ते बक्षीसच होतं. सालभर त्याच्यासाठीच तं राबली होती. पण माह्या बाजूले उभ्या माणसाचं तोंड मी पाहिलं. वसंता हसला नाही.

घरी येतानी मी मोटरसायकलवर मांगं बसली तं पूर्ण रस्ताभर यायचं एकच. "मिक्सर म्हटलं. माह्या पोरीच्या गाडीले मिक्सर म्हटलं."

"अवो, ते चांगलं म्हटलं त्यायनं. मित्रा खुश हाये."

"पोरगी हसली म्हून खुश झाली काय? चार लोकायत माणूस हसतेच." मी म्हटलं, राहू द्या. तिथंच चुकलं. यायच्या डोक्यात एखादी गोष्ट राहू दिली का ते वाढते.

गाडी न्याचा दिवस ठरला. स्पर्धा नागपूरच्या पुढं, एका मोकळ्या मैदानावर. अध्यक्ष साहेबायनं काढलं का गाडी अशी चोरासारखी कशी पाठवाची, गावातून मिरवणूक काढू. मिरवणूक म्हटली का धुमाल आला, आन् धुमाल म्हटला का आमचे हे. "घरचं कार्य हाये," यायनं सांगून टाकलं. आवाज कमी करणाऱ्या गाडीले निरोप देतानी धुमाल लावाचा, याच्यात काई इचित्र हाये असं त्या अख्ख्या कॉलेजात एकालेही वाटलं नाही. मलेही नाही वाटलं, खोटं काहून बोलू.

सकाळी गाडी आमच्या शेडमधी आणली, जिथं पार्टीचे ढोल राहतात. पोट्ट्यायनं तिले झेंडूचे हार घातले, फुगे बांधले. मी सगळ्यायले आलूपोहे केले. पोट्टे घरात बसून खाऊन राह्यले होते, मित्रा सगळ्यायले चहा देऊन राह्यली होती. हे दिसले नाही म्हून मी शेडच्या दारातून हाक मारली, तं आतून म्हणतात, "ढोल कसून राह्यलो, येतो." ढोलाचे नटबोल्ट हे नेहमीच कसतात मिरवणुकीच्या आंधी. मी पाहाले गेली नाही.

मंग निंगाली मिरवणूक. पुढं कॉलेजचा फलक घेऊन मित्रा आन् बाकीच्या पोरी, मंग धुमाल, मंग गाडी. गाडीत पियुष, इंजिन चालू, आन् पोट्टे मांगून ढकलत, काहून का धुमालाच्या चालीनं रेसची गाडी चालत नाही. काली पुतली चौकात लोक जमले. आन् आमच्या ह्यायचं त्या दिवशी वाजवण्यात मनच नाही. घडीघडी मांगं वळत, पियुषले हातानं खुणा करत. रेस दे, अजून दे. पियुषनं दिली. गाडीचा मांगचा भाग थरथरला, फुगा फुटला, पण आयकू काय येते? समोर पंचशील धुमाल पार्टी वाजून राह्यली होती. एकदा तं यायनं दोन्ही हात वर करून पार्टीले थांबा म्हटलं. पोट्ट्यायले वाटलं, मालक अजून जोरात म्हणतात. त्यायनं अजून जोरात वाजवलं.

चौकात गाडीले पिकअपमधी चढवलं, ताडपत्री बांधली, गाडी गेली. मांगोमाग टीम जीपमधी बसली. मित्रानं माह्या पाया पडता पडता कानात म्हटलं, "आई, मी चालवणार." मले रडू आलं. यायनं तिच्या डोक्यावर हात ठिवला आन् पट्कन काढून घेतला.

संध्याकाळी जेवाले बसले तं हे जेवतच नाही. खाजवून राह्यले. आंधी मनगट, मंग कोपर, मंग गळा. मी म्हटलं, घामोळ्या असतीन. मंग म्हटलं, थंडीच्या दिवसात कुठल्या घामोळ्या? हात हातात घेऊन दिव्याखाली पाहिला. बारके बारके पांढरे धागे, चमकणारे. असे धागे मी ओळखतो. मित्राच्या ओढणीतून महिनाभर मी तेच झटकत होती.

"वसंता," मी म्हटलं.

नाव आयकल्याबरोबर माणूस अर्धा झाला. मंग सांगतलं सगळं. पोट्टे पोहे खात होते तवा ढोलाच्या पान्यानं साइलेंसरचं मांगचं झाकण उघडलं, आतली रुई ओढून काढली, चोथाही काढला, झाकण जसंच्या तसं बसवलं. चौकात गाडी अशी गरजली पाहिजे का मिक्सर म्हणणाऱ्याच्या कानात दडे बसले पाहिजे, म्हून. मिरवणूक झाल्यावर रुई वापस भरणार होते. पण चौकातूनच पिकअप निंगाली.

"आन् गरजली काय?" मी विचारलं.

"आयकू नाही आली," वसंता म्हणे. "आपल्याच पोट्ट्यायनं दाबून टाकली."

रुई ड्रमच्या मांगं पोत्यात ठिवली होती. मी ते पोतं पाहिलं आन् मले लय राग आला. चार काम इंजिनचे मले पाठ होते, धुराचा धक्का कवा यावा आन् कवा जावा हे मले समजलं होतं, आन् या माणसाले एकच गोष्ट समजत नव्हती का पोरीले काय पाहिजे. मी ताट उचललं. दोघंही उपाशी राह्यलो.

मित्राले फोन केला, तिनं कापला. परत केला, कापला. मंग मेसेज आला, 'आई तपासणीची तयारी चालू हाये, उद्या बोलतो'. मले लिहिता येते, पण घाई होती, म्हून बोलूनच पाठवलं. "मित्रा, तुह्या साइलेंसरात रुई नाही. बाबानं काढली. आमी घेऊन येऊन राह्यलो. आमी येईपर्यंत परीक्षा देऊ नको." पाठवलं, पण तिनं आयकलं का नाही, समजाले मार्ग नव्हता.

सकाळच्या पहिल्या बसनं निंगालो. वारासिवनी, कटंगी. माह्यं माहेर तिरोडीचं, तो फाटा आला तरी मी खिडकीतून पाहिलं नाही. पोतं वसंताच्या मांडीवर. मांडीवर का, तं खाली ठिवलं तं कोणाचा पाय लागन. येवढी काळजी आंधी घेतली असती तं. रस्ताभर ते तोंडातल्या तोंडात काई म्हणत होते. मी विचारलं काय, तं म्हणे, "साहेबायले सांगाचं कसं, ते पाहून राह्यलो. हात जोडून सांगीन. पोरीचा दोष नाही, मीच काढली. धुमालवाला माणूस हाये, समजलं नाही. पाहिजे तं मले शिक्षा द्या."

"तुमाले काय शिक्षा देतीन ते? नापास करतीन?"

"गाडी तं मित्राच चालवन," ते म्हणे. "मी सांगीन ना पियुषले."

नागपूरच्या पुढं ऑटो करून पोचलो तं दुपार व्हाले आलती. मंडपच मंडप, आन् एकेका मंडपात एकेक गाडी, वर पाय करून पडलेली. आमचा मंडप सापडला. पोट्टे पाने हातात घेऊन बसले होते. मित्रा जमिनीवर मांडी घालून, हातमोजे घालून, साइलेंसरात रुई भरून राह्यली होती. नवीकोरी रुई. बाजूच्या कोणत्या तरी कॉलेजच्या पोरीनं दिली म्हणे. तिथं सगळेच एकमेकायले देतात.

वसंताच्या हातात पोतं तसंच राह्यलं.

सकाळी परीक्षा झाली होती. तपासणीवाल्यायनं फोन रात्रीच जमा करून घेतले होते, माह्यं बोलणं मित्रापर्यंत पोचलंच नव्हतं. मशीनचा आकडा एकशे दहाच्या पार गेला. बाहेर आल्यावर तिनं फोन घेतला, कानाले लावला, माह्यं बोलणं आयकलं. मंग मंडपात येऊन सगळ्यायसमोर झाकण उघडलं. आत काईच नाही. पियुषनं विचारलं, ये क्या है. तं मित्रा म्हणे, "जुनी रुई काढून नवी भरणार होती. भराची इसरली." हे मले तिच्या वर्गातल्या आम्रपालीनं सांगतलं, हळूच, बाजूले घेऊन. तिलेही खरं माहीत नव्हतं. तिलेही वाटत होतं का संघमित्रा इसरली.

वसंतानं पोतं खाली ठिवलं, हात जोडले आन् पियुषकडं निंगाले. "बेटा, सुनो, वो रुई..."

मित्रा झटक्यानं उठली. "बाबा, इकडं या." आन् आमाले दोघायले मंडपाच्या मांगं घेऊन गेली.

"काई बोलाचं नाही," ती म्हणे.

"अवं, पण माह्या हातानं झालं ना..."

"माहीत हाये. बोलाचं नाही. सालभर या पोट्ट्यायनं मले बरोबरीनं काम करू दिलं. मी कोणाची पोरगी म्हून नाही आलती. आता तुमी पोतं घेऊन उभे राहसान आन् म्हणसान, पोरीचं काई चुकलं नाही, आमचंच चुकलं. मंग पुढच्या साली टीममधी जे पोरगी येईन तिले पहिले विचारतीन, घरून कोणी येऊन खोलणार तं नाही ना? इसरणं चालते, बाबा. इसरते तं पियुषही."

"मंग तुले गाडी..."

"ते गेलं." तिनं हातमोज्यातल्या हातानं डोळा पुसला नाही, कोपरानं पुसला. "आन् खरं सांगतलं तं हे सगळे तुमाले हसतीन. धुमालवाल्यानं आवाजासाठी रुई काढली, असं कॉलेजभर सांगतीन. ते मले चालणार नाही."

मी बोलाले गेली तं माह्याकडं वळली. "आई, तूही."

तासाभरानं परत परीक्षा झाली. आमाले दोरीच्या बाहेर उभं राह्याले सांगतलं. इंजिन जोरात फिरलं, मशीनवाल्यानं अंगठा वर केला. आकडा इतका खाली होता का त्यानं परत एकदा मोजून पाहिला. मंग मित्रानंच हेल्मेट उचललं आन् पियुषच्या हातात दिलं. पियुष थोडा अडखळला. म्हणे, "यार, तू चला ले, कोई बात नहीं." तं मित्रा म्हणे, "बात हुई थी ना." आन् त्याच्या पट्ट्याचे बक्कल स्वतः लावून दिले, खांद्याचे, कमरेचे, एकेक पट्टा ओढून पाहिला.

गाडी मैदानात सुटली. बाकीच्या गाड्यायच्या गदारोळात आमची वळणावरून अशी जाये का नजरेनंच शोधा लागे. सरळ रस्त्यावर एका गाडीले मांगंही टाकलं. मित्रा दोरीच्या आत, हातात घड्याळ घेऊन उभी. प्रत्येक वळणाले तिचा उजवा पाय जमिनीवर थोडा दाबल्या जाये. वसंताही तेच पाहून राह्यले होते. गाडीकडं त्यायनं पाहिलंच नाही.

आमच्या बाजूले एक गृहस्थ उभे होते, टोपी घातलेले, कोणत्या तरी मोठ्या शहरातल्या पोराचे बाप. बोलके होते. "आपकी कौनसी गाडी है?"

यायनं बोट दाखवलं.

"अच्छा, वो! बडी शांत गाडी है. बढिया बनाई है. बेटा चला रहा है?"

"नहीं. बेटी है हमारी. वो, घडी लेके खडी है."

"अरे, तो वो क्यों नहीं चला रही?"

यायनं माह्याकडं पाहिलं. मी काईच केलं नाही. मंग म्हणे, "चलानेवाली थी. साइलेंसर में रुई भरना भूल गई."

ते गृहस्थ हसले. वाईट मनानं नाही, आपलं सहज हसले. "हो जाता है भाईसाहब. लडकियाँ हैं ना, गाडी में इनका मन थोडी रहता है."

माह्या अंगात आग भडकली. तोंड उघडलं होतं मी. या माणसाले सांगणार होती का रुई कोणी काढली, काहून काढली, आन् मन कोणाचं कशात राहते. तेवढ्यात मित्रानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. तिथवर आमचं बोलणं जाणं शक्यच नव्हतं, पण पाहिलं.

मी तोंड बंद केलं. आन् वसंता त्या गृहस्थायले म्हणे, "हौ. बराबर है आपका."